आरटीईतून ॲडमिशन झालं, पण वर्गात जागा मिळाली का? पालक आणि शिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळेतल्या २५ टक्के मोफत जागांचे, फॉर्म सुटले की आमच्या वस्तीतल्या मदत केंद्रावर गर्दी होते. मी तिथे फॉर्म भरायला मदत करते. दरवर्षी तेच प्रश्न येतात, थोडे फॉर्मबद्दल आणि जास्त करून ॲडमिशन झाल्यानंतरचे, जून-जुलैत मूल शाळेत जायला लागलं की सुरू होणारे. फोनवर प्रत्येकाला सांगून पुरत नाही म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतेय. पालकांसाठी आहे तसंच शिक्षकांसाठीही आहे, कारण बरेच शिक्षक मनापासून विचारतात की आम्ही नक्की काय करायचं.

हे २५ टक्के म्हणजे सरकार गरिबांवर मेहरबानी करतंय का?

अजिबात नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने कलम २१ अ आलं आणि ६ ते १४ वयाच्या मुलांचं मोफत शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यावर २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम १२(१)(क) सांगतं की खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिलीत (शाळेत नर्सरी-केजी असेल तर तिथेही) किमान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. बोर्ड कुठलंही असो, स्टेट, सीबीएसई, आयसीएसई, नियम सगळ्यांना आहे. खाजगी शाळांनी याला कोर्टात आव्हान दिलं होतं, १२ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टाने कायदा योग्य ठरवला. त्यामुळे शाळेच्या गेटवर उभं राहताना मान खाली घालायचं काहीही कारण नाही, आणि हे पोरांना पण सांगा, कारण त्यांना कोणीतरी उलटं सांगणार आहेच.

कोणाला मिळतं? आमचं उत्पन्न जास्त आहे पण आम्ही एससी आहोत, चालेल का?

चालेल. महाराष्ट्रात दोन गट आहेत. वंचित गटात एससी, एसटी, भटके विमुक्त, ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), दिव्यांग मुलं, अनाथ मुलं, एचआयव्ही बाधित किंवा प्रभावित मुलं येतात, यांना उत्पन्नाची अट नाही. दुसरा आर्थिक दुर्बल गट, तिथे जात-धर्म काहीही असो, पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत पाहिजे आणि तहसीलदाराचा दाखला पाहिजे.

आता या १ लाखाबद्दल मला बोलायचंच आहे. १ लाख म्हणजे महिन्याला ८,३०० रुपयांच्या आसपास. पुण्या-मुंबईत सोसायटीच्या गेटवर बारा तास ड्युटी करणारा वॉचमन पण याच्या वर जातो. म्हणजे खरा गरज असलेला ओपनमधला माणूस, किंवा मुस्लिम कुटुंब जे ओबीसी यादीत नाही, ते बाहेर राहतं, आणि मग दाखल्यात आकडा कसा बसवायचा याच्या मागे लोकं लागतात. ही मर्यादा कित्येक वर्षं तिथेच अडकून पडलीय, ती वाढवलीच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

कागदपत्रांत कुठे अडकतं?

बहुतेक वेळा पत्त्यात. फॉर्म भरताना मॅपवर घराचं लोकेशन टाकावं लागतं आणि शाळेपासूनचं अंतर त्यावरून ठरतं, लोकेशन चुकलं आणि पडताळणीत पकडलं की लॉटरीत (प्रवेशाच्या सोडतीत) नंबर लागूनही ॲडमिशन जातं. भाड्याने राहणाऱ्यांनी रजिस्टर केलेला भाडेकरार ठेवा, साध्या स्टॅम्पपेपरवरचा चालत नाही. जातीचा दाखला महाराष्ट्राचा लागतो, दुसऱ्या राज्यातला ग्राह्य धरत नाहीत, त्यामुळे बांधकामावर आलेल्या यूपी-बिहारच्या किंवा कर्नाटकातल्या दलित कुटुंबांना उत्पन्नाच्या दाखल्यावरच यावं लागतं. विधवा, घटस्फोटित किंवा एकट्या आईला स्वतःच्या कागदांवर फॉर्म भरता येतो, नवऱ्याचे कागद आणा म्हणून कोणी परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका. शाळा निवडताना दहापर्यंत पर्याय देता येतात. फॉर्मला एक रुपया लागत नाही. पैसे देऊन लॉटरीत नंबर लावून देतो म्हणणारा माणूस फसवतोय, सोडत कॉम्प्युटरवर आणि राज्यपातळीवर एकत्र निघते.

मध्ये ऐकलं की आता खाजगी शाळांत आरटीई बंद झालं?

२०२४ चा गोंधळ तो. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला की सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर तिथल्या खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. शहरात कुठे नसते हो १ किलोमीटरमध्ये मनपाची नाहीतर अनुदानित शाळा! म्हणजे जवळजवळ सगळ्याच इंग्लिश मीडियम शाळा सुटल्या असत्या. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या, मे महिन्यात मुंबई हायकोर्टाने स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ ला तो बदलच रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही हायकोर्टाचा निर्णय कायम ठेवला. पण या सगळ्यात त्या वर्षीची ॲडमिशन्स इतकी लांबली की शाळा सुरू होऊन गेल्या तरी आमच्याकडची पोरं घरी बसून होती, त्याची भरपाई कोण करणार.

अल्पसंख्याक शाळांना मात्र सूट आहे, २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे. त्या निकालावर सुप्रीम कोर्टाच्याच एका खंडपीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये शंका घेतली आणि विषय मोठ्या खंडपीठाकडे जावा असं सांगितलं. तोपर्यंत सूट आहे तशीच.

शाळेने मुलाचा इंटरव्ह्यू घेतला, आमचा पण घेतला. घेऊ शकतात का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३. मुलाची किंवा आईवडिलांची कसलीही चाचणी, मुलाखत, निवड करता येत नाही आणि डोनेशन घेता येत नाही. चाचणी घेतली तर पहिल्या वेळेला २५,००० पर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळेला ५०,००० पर्यंत दंड आहे, डोनेशनला घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. "आम्ही फक्त ओळख करून घेतो" असं म्हणतात, पण ओळखीत आईला इंग्लिश येतं का हे विचारतात तेव्हा ती ओळख राहत नाही.

ॲडमिशन झालं. पण आरटीईच्या मुलांचं सेक्शन वेगळं आहे, किंवा शेवटच्या बेंचवर बसवतात. हे चालतं का?

हा माझ्या दृष्टीने या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

चालत नाही. कायद्यात सरकार आणि स्थानिक प्राधिकरणावर स्पष्ट जबाबदारी आहे की दुर्बल आणि वंचित घटकातल्या मुलाशी भेदभाव होणार नाही हे बघायचं. केंद्राच्या २०१० च्या आरटीई नियमांत तर फोड करून लिहिलंय की २५ टक्क्यांतल्या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, त्यांचा वर्ग वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी भरवायचा नाही, आणि पुस्तकं, गणवेश, लायब्ररी, कॉम्प्युटर, खेळ, इतर उपक्रम यात कुठेही फरक करायचा नाही. दुपारची वेगळी शिफ्ट काढून त्यात फक्त आरटीईवाले भरणं हे यात सरळ बसतं.

पण शाळा हुशार असतात, कागदावर सेक्शन वेगळं नसतं. मग काय होतं ते मी पालकांकडून ऐकलेलं सांगते. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप वेगळा, त्यावर नोटीस उशिरा येते. हजेरीपटात नावापुढे लाल शाईने आर. गॅदरिंगला डान्सचा ड्रेस दीड-दोन हजाराचा, पैसे भरले नाहीत तर पोरगी मागे झाड म्हणून उभी, किंवा घरी. सहलीच्या दिवशी "तू उद्या येऊ नको". प्रोजेक्टला कलर प्रिंट पाहिजे, घरी प्रिंटर नाही, सायबर कॅफेत आई पन्नास रुपये घालवते आणि तरी मार्क कमी कारण स्पायरल बाइंडिंग नव्हतं. फी न भरलेल्यांची नावं वर्गात वाचताना आरटीईच्या मुलांची नावं पण वाचतात, सरकारकडून पैसे आले नाहीत म्हणून. यातलं एकेक प्रकरण छोटं वाटतं, पण सात वर्षांच्या मुलाला यातून एकच गोष्ट कळते की मी इथला नाहीये.

७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं, भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, तो दिवस आपल्याकडे विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. ॲडमिशन होतं त्यांना! पण बसायला स्वतःच्या घरून गोणपाट न्यायचं, ते कोपऱ्यात वेगळं टाकायचं, संध्याकाळी परत घरी आणायचं कारण साफसफाई करणारा गडीही ते शिवणार नाही, आणि तहान लागली तर शिपायाने वरून ओतलं तरच पाणी, शिपाई आला नाही तर नाही. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय हे. रजिस्टरमध्ये नाव आहे पण वर्गात जागा नाही, ही गोष्ट आपल्या राज्याला सव्वाशे वर्षांपासून माहिती आहे, त्यामुळे "नकळत झालं" हे शाळेचं उत्तर मला पटत नाही.

गणवेश, पुस्तकं, बस, सहल, कशाकशाचे पैसे द्यायचे?

मूळ तत्त्व असं की मुलाला शिक्षण पूर्ण करण्यापासून अडवेल असा कुठलाही खर्च किंवा फी घ्यायची नाही. केंद्राच्या त्याच नियमांत पुस्तकं, लेखन साहित्य आणि गणवेश मोफत असं नाव घेऊन लिहिलंय. प्रत्यक्षात शाळा सांगतात की सरकार आम्हाला फक्त फीचा परतावा देतं, ड्रेसचे नाही देत. परताव्याचा हिशोब असा आहे की सरकारचा स्वतःचा दर विद्यार्थी खर्च किंवा शाळेची फी, यात जे कमी ते. आपल्याकडे तो आकडा वर्षाला १७,६७० रुपये असा ठरलेला होता, कोविडच्या वर्षी ८,००० वर आणला होता. आणि तो पण वेळेवर येत नाही, वर्षानुवर्षं थकतो. छोट्या, कमी फीच्या शाळांना याचा खरंच त्रास होतो हे मान्य केलंच पाहिजे, ते खोटं बोलत नाहीत. पण सरकारकडची उधारी शाळेने सरकारकडून वसूल करायची, सहावीतल्या पोराची गुणपत्रिका अडवून नाही.

स्कूल बस घेतली तर तिचे पैसे बहुतेक ठिकाणी द्यावेच लागतात. सहल, गॅदरिंग याबद्दल लेखी विचारा, लेखी विचारलं की अर्धे खर्च आपोआप "ऐच्छिक" होतात.

आम्ही पूर्ण फी भरणारे पालक आहोत. वाईट मानू नका, पण यामुळे आमच्या मुलांचं नुकसान होत नाही का?

वाईट नाही मानत, प्रश्न मनात ठेवण्यापेक्षा विचारलेला बरा. दिल्लीत खाजगी शाळांमध्ये गरीब मुलांना घ्यायचा नियम आरटीईच्या आधीपासून, २००७ पासून आला. त्यावर गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने अभ्यास केला, तो २०१९ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये छापून आला. श्रीमंत घरातली मुलं गरीब मुलांबरोबर एका वर्गात शिकली की ती जास्त उदार झाली, आणि खेळात जोडीदार निवडताना समोरचा गरीब आहे म्हणून त्याला टाळण्याचं प्रमाण कमी झालं, जास्त चांगला धावणारा गरीब मुलगा असेल तर त्याला घेतलं. मार्कांवर परिणाम फार नाही, इंग्लिशमध्ये थोडे कमी, गणित-हिंदीत फरक नाही. इंग्लिशचा थोडा फरक मी लपवत नाही, तो आहे. पण तुमचं मूल उद्या ज्या ऑफिसात, ज्या शहरात जगणार आहे तिथे फक्त तुमच्यासारख्याच घरातली माणसं नसणार, हे शिकायला पैसे देऊन कुठला क्लास मिळत नाही.

वर्गात मुलांना जात विचारतात, शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी. हे चुकीचं आहे का?

माहिती लागते, ती घ्यायलाच पाहिजे, नाहीतर मुलांचे पैसे जातात. पण ती कशी घ्यायची हा प्रश्न आहे. "एससीवाले उभे राहा, एनटीवाले उभे राहा" हे अजून चालतं, आणि त्या उभ्या राहण्यात मुलांचं जे होतं ते बाकीच्यांना कळत नाही. जनरल रजिस्टरमध्ये सगळं असतंच की. क्लास टीचरने यादी तिथून काढावी, पालकांना फोन करावा किंवा बंद पाकिटात फॉर्म द्यावा, संपला विषय. हजेरी घेताना आडनावाने न घेता पहिल्या नावाने घ्या, हा एक छोटा बदल काही शिक्षकांनी केलाय आणि छान चालतो. वर्ग झाडायला, संडास साफ करायला ठरावीक मुलांनाच पाठवणं हे मात्र थेट भेदभावात जातं, आणि जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अट्रॉसिटी कायदा शाळेच्या आवारातही लागू आहे. मारणं आणि मानसिक त्रास देणं याला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, कुठल्याही मुलासाठी.

माझी मुलगी दिव्यांग आहे, शाळा म्हणते आमच्याकडे स्पेशल टीचर नाही, तुम्ही स्पेशल स्कूल बघा.

हे उत्तर इतक्या आईबापांना मिळतं की आता ते पाठ झालंय. निवड तुमची आहे, शाळेची नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा तुम्हाला हवं असेल तर स्पेशल शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. लक्षात घ्या, इथे १८ पर्यंत आहे, १४ ला संपत नाही. तीव्र किंवा बहुविकलांग मूल असेल तर घरी शिक्षण घ्यायचाही पर्याय आहे, पण तो पर्याय आहे, शाळेने मूल टाळायचा रस्ता नाही. स्पेशल टीचरबद्दल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रमाण सांगितलंय, प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक आणि त्याच्या वर १५ मागे एक. जिल्हा परिषद आणि मनपाच्या शाळांना समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून तालुक्याला विशेष शिक्षक असतात, एकाकडे खूप शाळा असतात, तरी गटसाधन केंद्रात जाऊन त्यांचं नाव-नंबर घ्या.

आणि स्पेशल टीचर यायची वाट बघत बसायला नको, कितीतरी गोष्टी साध्या आहेत. व्हीलचेअरवरच्या मुलीचा वर्ग तळमजल्यावर घ्यायचा, वर्ग मुलीकडे आणायचा. रॅम्प नावाला नको, १ फूट उंचीला १२ फूट लांबी पाहिजे, नाहीतर त्या उतारावरून ती घसरेल. ऐकू कमी येणाऱ्या मुलाकडे तोंड करून बोलायचं, फळ्याकडे बघत नाही. ऑटिझम असलेल्या मुलाला बेल व्हायच्या आधी सांगून ठेवायचं. वाचनाची अडचण असलेल्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून धडा वाचायला लावायचा नाही, हे तर आजपासून करता येईल.

डिस्लेक्सियासारख्या अडचणीचं सर्टिफिकेट मुंबईत सायन, केईएम, नायर या हॉस्पिटलांत मिळतं, नंबर लागायला वेळ लागतो म्हणून दहावीची वाट बघू नका. बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा, पुढे सगळीकडे लागतं.

आम्ही ऊसतोडीला जातो. पोरांची शाळा सहा महिने बुडते.

दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना, धाराशिव, नगरकडच्या वाड्या रिकाम्या होतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयत्याला नवरा-बायको दोघं लागतात आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली पोरगी बरोबर जाते. तिचं शिक्षण तिथे तुटतं, आणि मग लवकर लग्न. लोकं म्हणतात यांना शिक्षणाची किंमत नाही. मला हे ऐकवत नाही. पोरीला मागे कोणाजवळ ठेवायचं हा त्यांचा प्रश्न आहे, किंमतीचा नाही.

उपाय दोन प्रकारचे. एक, गावातच हंगामी वसतिगृह, म्हणजे आईवडील गेले तरी मूल गावच्या शाळेत राहतं आणि जेवणाची सोय होते. हे शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं, त्यामुळे मागणी सप्टेंबरमध्येच मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, टोळी निघायच्या दिवशी नाही. दोन, मूल बरोबर जात असेल तर कारखान्याच्या तळाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत त्याला बसवून घ्यायलाच लागतं. वर्षाच्या मध्ये आलाय, दाखला नाही, आधार नाही, जन्माचा पुरावा नाही, यातलं एकही कारण कायद्याने चालत नाही (शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५, १४ आणि १५ बघा). वय दहा असेल आणि कधी शाळेत गेलंच नसेल तरी त्याला पाचवीच्याच मुलांबरोबर घ्यायचं आणि वेगळं प्रशिक्षण देऊन बरोबरीला आणायचं, पहिलीत बसवून हसं करायचं नाही. वीटभट्टी, दगडखाणी, बांधकाम साइट, सगळ्यांना हेच लागू आहे. आपल्याकडे बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक आहेत, स्थलांतर करणाऱ्या पोरांच्या मागे स्वतःच्या गाडीला पेट्रोल टाकून फिरणारे, त्यांना गाठा.

मुलगा घरी कोरकू बोलतो, शाळेत मराठी. बाई म्हणतात मंद आहे.

मंद नाही, त्याला भाषा कळत नाहीये. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारला भिली-पावरी, पालघरला वारली, ही मुलं पहिलीत येतात तेव्हा मराठी त्यांच्यासाठी नवी भाषा असते आणि शिक्षक शंभर-दोनशे कोसांवरून बदली होऊन आलेले. दोन्ही बाजूंनी गप्प. कायद्यात लिहिलंय की शक्य तिथे मुलाच्या मातृभाषेतून शिकवा. शिक्षकांनी पहिल्या महिन्यात मुलांकडून शंभर शब्द शिकून घेतले, पाणी, भूक, दुखतंय, घर, आई, भिंतीवर दोन्ही भाषांत लिहून ठेवले तरी वर्गाचं वातावरण बदलतं. गावातल्या मोठ्या मुलीला किंवा आजीला गोष्ट सांगायला बोलवा. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कित्येक वर्षांपूर्वी हेच केलं, मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे, गुरं चारायच्या कुरणात नेली.

आणि हे फक्त आदिवासी भाषांचं नाही. "आनी-पानी" बोलणाऱ्या मुलाला, अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्याला वर्गात हसतात, "शुद्ध बोल" म्हणतात. पुस्तकी मराठी शिकवा ना, जरूर शिकवा, परीक्षेला लागते. पण ती शिकवायला त्याच्या आईची भाषा घाण ठरवावी लागत नाही.

हे समावेशन वगैरे सगळं नवीन फॅड आहे, आमच्या वेळी नव्हतं असं.

तुमच्या वेळी शाळेत कोण नव्हतं ते आठवून बघा. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. १८८२ ला इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगासमोर, म्हणजे हंटर कमिशनसमोर, जोतीरावांनी मांडलं की शेतकऱ्याच्या सारापट्टीतून पैसा येतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो, आधी सगळ्यांचं प्राथमिक शिक्षण करा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं आणि १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. तेव्हा हे झालं, तर आज दुपारची वेगळी शिफ्ट कशाला?

मी शिक्षिका आहे, वर्गात ४५ मुलं. मी एकटी काय काय करू?

तुमची अडचण खरी आहे. कायदाच म्हणतो प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक, ते होत नाही, वर निवडणूक, सर्वे, ऑनलाइन माहिती भरा. तरी काही गोष्टींना वेळ लागत नाही. बसायच्या जागा दर सोमवारी फिरवा, म्हणजे मागचा बेंच कोणाचा कायमचा होत नाही. गट तुम्ही पाडा, मुलांना पाडायला सांगितलं की ते सोसायटी-वस्ती असेच पडतात. घरचा अभ्यास असा द्या की ज्याला घरी विचारायला कोणी नाही त्यालाही जमेल. "बाबा काय करतात" ऐवजी "घरातलं कोण काय छान करतं" विचारा, मग गवंडीकाम, पोळ्या लाटणं, ढोलकी, शिलाई हे सगळं फळ्यावर येतं. आणि स्टाफरूममध्ये "आरटीईवाली" हा शब्द कोणी वापरला तर एकदा शांतपणे सांगा की नाव घ्या.

तक्रार कुठे करायची? आणि केली तर मुलाला त्रास होईल का?

भीती सगळ्यांनाच असते म्हणून आधी एकट्याने करू नका, त्याच शाळेतले चार-पाच आरटीई पालक मिळून करा. आधी मुख्याध्यापकांना लेखी, पोचपावती घेऊन. मग गटशिक्षणाधिकारी किंवा जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), शहरात मनपाचा शिक्षण विभाग. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली तक्रार दिली तर तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो, समाधान नाही झालं तर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. मारहाण किंवा छळ असेल तर १०९८ ला लगेच फोन. तारीख, वेळ, काय बोलले हे एका वहीत लिहीत जा, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट ठेवा. पीटीएत (पालक-शिक्षक संघात) तुम्ही पण सदस्य आहात, फी भरत नाही म्हणून सदस्यत्व जात नाही, मीटिंगला जा आणि पुढे बसा.

आठवी झाली, आता शाळा नववीची पूर्ण फी मागते.

इथे कायदा हात सोडतो. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच, आणि ज्या पोराने आठ वर्षं त्या शाळेत काढली त्याला एका उन्हाळ्यात साठ-सत्तर हजार भरा नाहीतर दाखला न्या असं सांगतात. हे दहावीपर्यंत, खरं तर बारावीपर्यंत वाढवायलाच पाहिजे आणि ती मागणी प्रत्येक आमदाराकडे गेली पाहिजे.

तोपर्यंत तयारी सातवीतच सुरू करा. शाळेला लेखी विचारा की नववीत फी सवलत देणार का, काही शाळा देतात. जवळची चांगली अनुदानित शाळा बघून ठेवा, तिथे फी नगण्य असते, फक्त नववीच्या जागा कमी असतात म्हणून आधी भेटून या. सेमी इंग्लिश असेल तर मुलाला गणित-विज्ञान जड जात नाही. एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहितीच नसते, आठवीत होणारी एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा, वर्षाला १२,००० रुपये नववी ते बारावी, ती फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेत आरटीईतून शिकणारं गरीब मूल तिथे बसत नाही. मग शाळा बदलायचीच असं ठरलं असेल आणि मूल अभ्यासात बरं असेल तर आठवीच्या आधीच अनुदानित शाळेत न्यायचा विचार करा, म्हणजे निदान ती परीक्षा देता येईल. पण मुलाला विचारून करा, तेरा वर्षांच्या पोराचे मित्र त्या शाळेत असतात.